आरशाची खोली

१४ जानेवारी १९६९, कडाव

दोऱ्याच्या कंपनीचा एजंट दर संक्रांतीला एक डायरी देऊन जातो. आजवर ती पोरीच्या अभ्यासाला जायची. यंदा मी स्वतःसाठी ठेवून घेतली, कारण यंदा लिहिण्यासारखं काहीतरी होणार असं आज संध्याकाळीच दिसलं.

मंडळाची बैठक नामाच्या भातगिरणीत झाली. नामा आमच्या हौशी नाट्यमंडळाचा अध्यक्ष, आणि गेली बारा वर्षं माझा स्टेजवरचा नवरा. गावदेवीच्या जत्रेतलं नाटक आम्हा दोघांच्या खांद्यावर उभं असतं. तो नायक, मी नायिका. पोटासाठी मी सदू टेलर, पण कर्जतपासून नेरळपर्यंत कुणालाही विचारा, कडावची नायिका म्हटलं की लोक माझ्या दुकानाचाच पत्ता सांगतील. याच कारणाने मी मिशी वाढवलेली नाही. सासऱ्यांनी त्यावरून दोन वर्षं अबोला धरला होता.

यंदा मुंबईत गाजतंय ते वकिलाच्या बायकोचं नाटक बसवायचं ठरलं. नामा म्हणाला, "नुस्तं पुस्तक वाचून भागायचं नाय. तिघांनी जाऊन बगून यावं. शनवारी एकदा, रविवारी एकदा. दोन राती ऱ्हाऊ." तिघे म्हणजे नामा, मी आणि विनोदी कामं करणारा नागू दूधवाला. नायिकेचं काम डोळ्यांखालून घालायला मिळावं म्हणून मंडळाने एवढा विचार केला, हे ऐकून माझा ऊर भरून आला. बाकीच्यांपैकी कुणी वर बघेना. जळतात मेले.

नामा म्हणाला, "ऱ्हायची जागा सदूनं ठरवायची. त्याला चांगल्यावाइटाचं कळतं. काय रं सदू?"

घरी येताना एक गोष्ट मनात टोचली. स्टेजवरची सवय म्हणून नामा मला बाहेरही "अगं" म्हणतो, "काय गं सदू" म्हणतो, भर बाजारात म्हणतो, लोक हसतात, मीही हसतो. आज तो "रं" म्हणाला. अध्यक्षपद डोक्यात गेलं असेल.

बायकोला, इंदूला, मुंबईचं सांगितलं. तिने हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "जाऊन या. बगून या एकदाचं."

२२ जानेवारी

आमच्या पोरीला, शकूला, बघायला चौकची माणसं आली होती. मुलाच्या बापाचं हायवेवर गॅरेज आहे. मुलगा सरळ वाटला, नखांत ऑइल होतं, पण सदऱ्याला घरची इस्त्री होती. घर बरं आहे.

पोहे झाल्यावर मुलाच्या आईने मला विचारलं, "तुमी नाटकात असता म्हनं?" माझी कीर्ती चौकपर्यंत गेली म्हणायची. मी म्हटलं, असतो. "बायचं काम करता म्हनं?" मी म्हटलं, करतो तर, आणि दाखवतोच म्हणून खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून घेऊन गेल्या वर्षीच्या तिसऱ्या अंकातली चार वाक्यं म्हणून दाखवली. सगळे इतके रंगले की कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मुलाचा बाप तर खाली मान घालून ऐकत होता. आत स्वयंपाकघरात इंदूच्या हातून पितळी पडली.

निघताना म्हणाले, "जत्रा होऊंदे, मग कळिवतो." म्हणजे त्यांना माझं काम बघूनच होकार द्यायचा आहे. आता यंदा जीव ओतूनच काम करायला हवं. पोरीचं लग्न माझ्या पार्टावर येऊन ठेपलं आहे.

इंदू संध्याकाळभर बोलली नाही. पाहुणे आले की ती दमते.

२७ जानेवारी

नायिकेच्या कामाचा विचार करत सदऱ्याला काजं करत बसलो होतो. लोक विचारतात, सदू, तू बाईचं काम एवढं हुबेहूब कसं करतोस? मी नुसता हसतो. खरं गुपित माझ्याच घरात आहे. इंदू पाण्याचा हंडा कमरेवर घेताना आधी डावा पाय थोडा पुढे टाकते, तो मी घेतला. रागावली की ओट्यावरचं भांडं उचलून तिथेच परत ठेवते, ते घेतलं. आईशी तिचं एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यातलं "मी काय वाटेवर पडले व्हते?" हे वाक्य मी चौथ्या वर्षी नाटकात घातलं आणि टाळ्या घेतल्या.

सगळ्यांत गाजलं ते रडणं. तिचा भाऊ गेला तेव्हा ती चुलीपुढे बसून रडली होती. गुडघ्यावर हनुवटी, पदराचं टोक दातात, आवाज अजिबात नाही, फक्त पाठ हलत होती. मी दारात उभा राहून नीट पाहून घेतलं. त्या जत्रेला ते रडणं केलं तर बायकांच्या बाजूला एकही डोळा कोरडा राहिला नाही. इंदू मात्र मधेच डोकं दुखतंय म्हणून उठून गेली. त्यानंतर ती नाटकाला आलीच नाही. तिला जागरण सोसत नाही.

अलीकडे ती रडली तर भिंतीकडे तोंड करून रडते. ते स्टेजवर उपयोगाचं नाही. प्रेक्षकांना पाठच दिसणार.

३ फेब्रुवारी

मंगळदास मार्केटातून अस्तराचं कापड आणायचं होतं, तेव्हा त्याच फेरीत गिरगावात राहायची जागा बघून आलो.

काल नामाने बजावून सांगितलं होतं. "सदू, एक इचारून ये. बाईमानूस कुनी भेटाय आली तर वर बसू देतात का."

मी म्हटलं, "मीच तर बाईमानूस हाय."

तो हसला नाही. म्हणाला, "इचारून ये रं." पुन्हा रं.

पहिलं लॉज मोठं होतं, स्टेशनाजवळ, चार मजली. दारात टोपीवाला गडी. मालक कोण ते गड्यालाही ठाऊक नव्हतं, सगळा कारभार मॅनेजरचा. खोली दाखवली ती फिनेलच्या वासाची. मी कॉलरला खोचलेली सुई काढून गादीच्या शिवणीतून फिरवली. टोकावर रक्त आलं. ढेकूण. मॅनेजर म्हणाला, "एवढं बघितलं तर मुंबईत कुठेच राहता येणार नाही." शिवाय तिथला आरसा तळहाताएवढा. त्यात एका वेळी एक भुवई दिसते.

दुसरी जागा नाटकगृहाच्या अगदी समोर, खानावळीच्या वर. तिकिटाच्या खिडकीवरची रांग खाटेवरून दिसते. पण एका हॉलमध्ये आठ खाटा, सगळे फिरते विक्रेते. एकजण बनियनवर बसून केसांच्या तेलाचे नमुने मोजत होता. तिथे मी साडी कुठे नेसणार?

तिसरी जागा मला चालता चालता दिसली, ठाकुरद्वाराच्या एका गल्लीत. लाकडी जिना, वर पितळी पाटी, 'द्वारका विश्रांतिगृह'. पाचच खोल्या. मालकीण स्वतः दारात कोळणीशी सुरमईवरून वाद घालत होती. द्वारकाबाई सामंत, मालवणच्या, साठीच्या आसपास. मासे घेऊन झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "कशासाठी येणार?" मी म्हटलं, नाटकाला. "मग सकाळी नऊपर्यंत कुणी उठवणार नाही. रात्री परत आलात की पेज आणि सुका जवळा मिळेल. नाटक बघून आलेल्या माणसाला झोप येत नाही, भूक लागते."

असं बोलणारी बाई मला आवडली. एकेका खोलीची चादर वेगळी, तिने स्वतः बाजारात हिंडून आणलेली. खिडकीच्या काचा निळ्या. किल्लीला लोकरीचा गोंडा. सुई फिरवली, कोरडी आली. द्वारकाबाई म्हणाल्या, "टेलर दिसता." राग नाही, काही नाही.

आणि तीन नंबरच्या खोलीत आरसा. पुरुषभर उंच, सागवानी चौकटीचा. मी दारातच थबकलो. द्वारकाबाई म्हणाल्या, "एक नाटक कंपनी इथे उतरायची. बंद पडली तेव्हा आरसा माझ्याकडेच राहिला. त्यांच्यातले स्त्रीपार्टी नट यासमोर तासन्‌तास उभे असत. गेला आता तो काळ. आता बायकाच बायकांची कामं करतात, चांगलंच झालं म्हणा." मी हो म्हटलं. माझं लक्ष आरशाकडे होतं. मुंबईतला काळ गेला असेल, पण आमच्याकडे तो अजून आहे, हे त्या बाईला काय ठाऊक.

तीन नंबर ठरवून टाकली. बाईमाणसाचंही विचारलं. म्हणाल्या, "पुढच्या गॅलरीत दोन खुर्च्या आहेत. चहा मी देते. बोलणं गॅलरीत, दार उघडं ठेवून."

नामाला सांगितलं तर तो म्हणाला, "झकास." आरशाचं सांगितलं तर गिरणीचा पट्टा बघायला उठला.

१५ फेब्रुवारी, शनिवार, द्वारका विश्रांतिगृह

नाटक बघून आलो. पेज खाल्ली. सुख सुख म्हणतात ते हेच असावं.

नायिका काय काम करते! दुसऱ्या अंकात नवऱ्याकडे पाठ करून उभी असते आणि नुसत्या मानेने सांगते की हिला सगळं कळलं आहे. मी ते गाठीशी बांधून आणलं आहे. बाकीची माणसं यथातथा. नणंदेचं काम करणारी पोरगी चेहऱ्याने बरी, पण हात कुठे ठेवावेत ते तिला समजत नाही. नामा मात्र ती आली की पुढे वाकून बघायचा. जिन्यात मला विचारलं, "नणंद कशी वाटली रं?" मी म्हटलं, मला चार दिवस दे, तिचे हात सुधारतो. तो म्हणाला, "हां."

इंदूची हिरवी साडी तिच्या ट्रंकेतून आणली आहे, दर वर्षी आणतो. ती नेसून आरशासमोर उभा राहिलो. दुकानात वीतभर आरसा, घरी त्याहून लहान. बारा वर्षांत आज पहिल्यांदा मी डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला नायिका म्हणून पाहिलं. मान वळवली. पुन्हा वळवली. चौथ्यांदा जमली. मी नागूला म्हटलं, "कशी दिसते?"

नागू खाटेवर बसून बघत होता. विनोदी नट, एरवी तोंडाला कुलूप नसतं. म्हणाला, "चांगली दिसतीस गं सदू," आणि कूस बदलून झोपला. माझं काम आतापासूनच भिडायला लागलं आहे.

उद्या सकाळी नामाने कुणाला तरी भेटायला बोलावलं आहे. विचारलं तर म्हणाला, "उद्या बग की." मला वाटतं, मला धडे द्यायला नायिकेलाच गाठलं असावं. असा मित्र मिळायला भाग्य लागतं.

१६ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही.

१८ फेब्रुवारी, कडाव

लिहिलं नाही तर छाती फुटेल.

रविवारी सकाळी गॅलरीत आली ती नाटकातली नणंद. नाव नलूबाई. साध्या पातळात, चष्मा लावून, हातात कापडी पिशवी. जवळून पाहिली तर तिशीची, दमलेली. मी नायिकेची वाट बघत होतो तरी म्हटलं, ही तर ही, त्याच नाटकातली आहे, काहीतरी सांगेलच.

नामा उठून उभा राहिला आणि माझ्याकडे हात करून म्हणाला, "हे आमचे टेलर. सदूभाऊ."

बारा वर्षांत सदूभाऊ! मला वाटलं शहरातल्या बाईसमोर गंमत नको म्हणून म्हणाला असेल. मी खुर्ची ओढून तिला विचारलं, "दुसऱ्या अंकात नायिका वळते, तेव्हा पदर कुठल्या हाताने धरते?" ती म्हणाली, "ते मी करीनच हो मास्तर. तुम्ही फक्त पोलक्याला हूक मागच्या बाजूने लावा, म्हणजे पाठ नीट दिसते." मी म्हटलं, माझी पाठ रुंद आहे, मागे हूक लावले की ताण पडतो. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. द्वारकाबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मग नलूबाई जत्रेची तारीख, तालमीला किती दिवस आधी यायचं, उतरायची सोय कुणाकडे, असं नामाशी बोलत राहिली. आवाज कानावर येत होता, अर्थ येत नव्हता. निघताना तिने पिशवीतून एक पोलकं काढून नामाकडे दिलं, आणि ती जिना उतरून गेल्यावर नामाने ते माझ्याकडे दिलं. "सदूभाऊ, हे मापाचं. ह्याच्यावरनं नायिकेची तिनी पोलकी शिवायची."

मापाचं पोलकं हातात आलं की टेलरला टेप लागत नाही. चौतीस. खांदा अरुंद. माझी छाती अडतीस. कापूस भरायला मी आतून जो कप्पा ठेवतो, तो या पोलक्याला नव्हता. लागणारच नव्हता.

तोंडाने कुणी काही सांगायच्या आधी त्या कापडाने मला सांगितलं.

मी म्हटलं, "नामा, नायिका कोन?"

तो गॅलरीच्या कठड्याकडे बघत म्हणाला, "आता सगळीकडं बाया आनतात रं. नेरळला आनली, वांगणीला आनली. गेल्या साली पोरं पाठीमागं बसून तुज्या दाढीवर हसत व्हती. तुला ऐकू येत नाय, आमाला येतं."

"मग संक्रांतीला का नाय बोललास? मला जागा शोधाय लावलीस. ह्याच बाईला बसवायला मी खुर्च्या बगून आलो."

"बोलवत नव्हतं. कुनाच्याच तोंडानं बोलवत नव्हतं. म्हटलं, ऱ्हावूदे दोन दिस सुखात, तुज्या मनासारख्या जागेत. बगूदे चांगलं नाटक. मग सांगू."

म्हणजे बोकडाला हार घालून मिरवायचा, तसं. बारा वर्षं ज्याच्या पायाशी मी स्टेजवर रडलो त्याने केसाने गळा कापला. मी तसं तोंडावर म्हटलं. नागू खोलीतून बाहेर यायला तयार नव्हता.

तेव्हा नामा चिडला आणि मनात ठेवायचं होतं ते बोलून गेला. "मला एकट्याला कशाला बोलतोस? तुज्या घरातनंच सांगनं आलं. वैनी माज्या पायरीवर येऊन बसली. म्हनाली, भावजी, ह्यांचं लुगडं सोडवा. मी किती येळ नको म्हनलो, ती उठंना."

रविवारचं नाटक मी बघितलं नाही. तीन नंबरच्या खोलीत आरशाकडे पाठ करून बसून राहिलो. द्वारकाबाईंनी पेज आणून ठेवली. दारातून म्हणाल्या, "मी त्या दिवशी बोलून गेले ते तुम्हाला लागलं असेल. मला ठाऊक नव्हतं हो." मी म्हटलं, गावात सगळ्यांना ठाऊक होतं बाई, तुम्ही तेवढ्या परक्या.

सबंध मुंबईतून मी ती जागा निवडली. सुई फिरवून निवडली. जिथे माझा घात व्हायचा, तिथली चादरसुद्धा मी बघून आलो होतो.

२३ फेब्रुवारी

पाच दिवस इंदूशी बोललो नाही. आज ती तांदूळ निवडत बसली होती तेव्हा विचारलं. वाटलं होतं, नाकबूल करील. हातातलं सूप खाली न ठेवता म्हणाली, "होय. मीच बोलले भावजींना."

"का?"

"चौकवाली बाय निघताना माज्या कानात म्हनली, व्याही लुगडं नेसतो असं आमी आमच्या भावकीत कसं सांगायचं. जत्रा होऊंदे म्हनली. यंदा तुमी उभे ऱ्हाता का नाय, ते बगनार व्हती."

तरी बैठक त्याच्या आधी झाली होती. मी ते दाखवून दिलं. शिंप्याच्या हातून टाका निसटत नाही. "चौकची मानसं बावीसला आली. नामानं संक्रांतीलाच ठरवलं व्हतं."

तिचे हात थांबले. "शकूचं मागनं निगालं. मी दिवाळीतच गेले व्हते. माज्यापायी गेले."

"तुज्यापायी? तुला काय केलं मी?"

तिने सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते अजून नीट उलगडलेलं नाही.

"दादा गेला तवा मी चुलीम्होरं बसले व्हते. तुमी दारात उभे. मला वाटलं, येतील, बाजूला बसतील. तुमी नुस्तं बगत व्हता. म्हटलं, पुरुषमानूस, गलबललं असंल. मग जत्रंला माजं तेच रडनं वर दिसलं. हनुवटी तीच. पदर तोच, हिरव्या साडीचा, माजाच. बाया मला कोपरानं ढोसत व्हत्या, इंदू, तुजंच गं, तुजंच. तवा कळलं, तुमी दारात कशापायी उभे व्हता. त्या दिसापासनं मला तुमच्याम्होरं रडाय येत नाय."

मी म्हटलं, "अगं, ते तुजं कौतुकच झालं की. शंभर बाया रडल्या तुज्या रडन्यानं."

तिने सूप उचललं आणि आत गेली.

मला राग येतो तो याचाच. मी तिची एकही गोष्ट वाईट म्हणून दाखवली नाही, गावाने डोक्यावर घेतलं ते तिलाच तर घेतलं. एवढ्यावरून ती माझ्या बारा वर्षांवर पाणी सोडायला परक्याच्या पायरीवर जाऊन बसली. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. माझ्याकडे आधी घरच फिरलं.

तरीही जेवताना दोनदा तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने दोन्ही वेळा पदर पुढे ओढला.

९ मार्च

मापाचं पोलकं इतके दिवस खुंटीला लटकत होतं. गिऱ्हाईक विचारायचं, कुणाचं? मी म्हणायचो, परगावचं.

नामा दोनदा येऊन गेला. दुकानात पाय टाकत नाही, फळीशी उभा राहतो. "सदूभाऊ, जमंल ना?" मी मशीन चालवत राहतो. मंडळाने मला प्रॉम्प्टिंगला बसायला सांगितलं आहे. म्हणजे बाहेर नलूबाईने बोलायचं आणि आतून मी पुरवायचं. नाही म्हणून कळवलं.

आज त्या मापावरून नायिकेचं पोलकं कापायला घेतलं. आणि खरं तेच लिहितो. उजव्या काखेत मी पक्की शिलाई घातली नाही, लांब लांब कच्चे धावदोरे घातले. तिसऱ्या अंकात नायिका हात वर करून नवऱ्याला दाराकडे बोट दाखवते. त्या वेळी भर जत्रेत काख उसवेल. पाठीमागची पोरं हसतात म्हणे. हसू देत.

घडी घालून ठेवलं आणि दोन पानं खाल्ली.

११ मार्च

उसवून पुन्हा शिवलं. काखेत दुहेरी टीप मारली, आतून पट्टी लावली. दया वगैरे काही आली नाही. पोलकं उसवलं की लोक नलूबाईला हसणार नाहीत, सदू टेलरला हसतील. नायिका म्हणून गेलोच, निदान टेलर म्हणून तरी राहू.

हूक मागच्या बाजूने लावले.

३ एप्रिल

काल जत्रा झाली.

मी जाणार नव्हतोच. संध्याकाळी इंदूने ट्रंक उघडली, हिरवी साडी काढली आणि स्वतः नेसली. गेल्या किती वर्षांत मी ती तिच्या अंगावर पाहिली नव्हती. शकूला घेऊन निघाली. दारात थांबली, मला वाटलं चला म्हणेल. "भाकरी झाकून ठेवलीय," म्हणाली.

घर मैदानापासून लांब नाही, आणि कर्ण्याचं तोंड यंदा आमच्याच बाजूला होतं. नांदी झाली, पडद्याची कप्पी वाजली. नायिका स्वयंपाकघरात, नवरा बाहेरून येतो, ही पहिल्या अंकाची सुरुवात. नामाची एक खोड आहे. कुठलंही नाटक असो, लिहिलेलं असो नसो, पहिल्या प्रवेशाला तो विंगेतून हाक मारतो. बारा वर्षं तीच हाक.

"अगं ए, हायेस का घरात?"

मी ओ दिली.

भाकरी हातात होती. तोंडातून निघालीच, नायिकेच्या आवाजात, चांगली खणखणीत. मग कर्ण्यातून नलूबाईची ओ आली. मी भाकरी ताटात ठेवली आणि दिवा बारीक केला. आज हे फक्त इथे लिहितो. कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी चौकच्या लोकांचा निरोप आला. होकार आहे. त्यांनी नाटक पुढच्या रांगेत बसून बघितलं म्हणे. शकू विहिरीवर तोंड लपवत हसत होती. बापाने कशावर पाणी सोडलं म्हणून हे जमलं, ते तिला कुणी सांगितलेलं नाही, मीही सांगणार नाही.

इंदू अंगणात हिरवी साडी वाळत घालत होती. मी पायरीवर बसलो. ती आपणहून बोलली, हे किती दिवसांनी.

"ती बाय रडली ना, ते तिचं तिचं रडनं व्हतं. दोनी हातांनी तोंड झाकून. माजं नव्हतं, कुनाचंच नव्हतं." साडीची सुरकुती तिने हाताने सरळ केली. "मी शेवटपर्यंत बसले."

माझ्या एकाही नाटकाला ती शेवटपर्यंत बसली नव्हती. हे तिला बोलून दाखवावं असं ओठांवर आलं होतं. डोळे सुजलेले दिसत होते तिचे. चारचौघांत, त्या बाईचं काम बघत, ती मोकळेपणी रडली असावी. मी नेहमीच्या सवयीने तिच्या हनुवटीकडे बघायला लागलो, आणि तिच्या ते ध्यानात आलं. तिने लगेच दोरीकडे तोंड फिरवलं.

मग मी विचारण्यासारखं एकच विचारलं. "पोलकं कसं बसलं व्हतं?"

"अंगाबेताचं बसलं व्हतं," ती साडीआडून म्हणाली.